आधी ‘अ’ लावा

घरी बोलावलेल्या माणसाला भुकेलं करून त्याच्या घरी परत पाठवायचं आणि यालाच पाहुणचार म्हणायचं, असा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होऊन गेला आणि तो नेमका माझा घरमालक होता. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला जेवू घालतात, तो नको म्हणाला की आणखी वाढतात, आणि त्याने ताटावर हात आडवा धरला की तो हात बाजूला सारून वाढतात. पाहुण्याला उठताना त्रास झाला नाही तर घरच्या बाईला आपलं काहीतरी चुकलं असं वाटत राहतं. अशा मुलखात माझे घरमालक संध्याकाळी लोकांना बोलावीत, ओट्यावर बसवीत, कडूजहर पाणी पाजीत, वर चार फुटाणे हातावर ठेवीत आणि सगळ्यांना कडकडून भूक लागलेली दिसली की मोठ्या समाधानाने म्हणत, “चला, आता आपापल्या घरी जाऊन जेवा.”

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालेलं होतं. नव्यानेच निघालेल्या पंचायत समितीत कारकून म्हणून मी नांदुऱ्याला आलो आणि स्टेशनजवळच्या गल्लीत यांच्या घराची समोरची खोली भाड्याने घेतली. सामान लावत होतो तोच दारात एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात खाकी सदरा, त्याला अशी इस्त्री की घडीवर बोट कापावं. “बाबू, भूक लागली काय?” त्यांनी विचारलं. दिवसभर गाडीत उपाशी बसून आलेला मी; घरमालक जेवायला बोलावताहेत असं वाटून आनंदाने म्हणालो, “लागली की.” त्यांचा चेहरा पडला. “मंग काही उपयोग नाही,” ते म्हणाले, “लागाच्या आंधी याचं असते. उद्या या.” आणि निघून गेले. त्या दिवशी मी स्टेशनवर जाऊन भजी खाल्ली.

हे सगळं त्यांनी आणलं होतं इटलीहून. मोठ्या लढाईत ते फौजेत मेस हवालदार होते. लढाई संपल्यावर त्यांची तुकडी काही महिने एका शहरात नुसतीच पडून होती. त्या शहराला ते ‘फिरेंझे’ म्हणत आणि गल्लीतले लोक ‘फिरंगी’ समजत. तिथे छावणीसमोरच्या चौकात रोज उन्हं उतरली की लोक चांगले कपडे घालून जमत, उभ्याउभ्या एक लाल कडू पाणी घोटघोट पीत, सोबत दोन दाणे तोंडात टाकत, तासभर बोलत आणि मग भूक घेऊन घरी जात. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने यांना हे शास्त्र शिकवलं. त्या प्रकाराचं नाव ‘अपेरितीव्हो’. “अपेरितीव्हो म्हणजे उघडणी,” ते मला सांगत. “पोट म्हणजे दुकान हाये, बाबू. फळ्या काढल्याशिवाय माल आत कसा घ्याचा?” तिकडच्या त्या लाल पाण्यात आणखी काय असे, असं मी एकदा विचारलं. “कडू असे,” ते म्हणाले. “आणि?” “फौजेत जास्ती विचारत नसतेत.” त्यावर मीही जास्ती विचारलं नाही, कारण दारूबंदीचे दिवस होते आणि मी सरकारी नोकर होतो.

नांदुऱ्यात ते पाणी त्यांनी इकडच्याच वस्तूंतून उभं केलं होतं. उन्हात वाळवलेली संत्र्याची साल, चिरायत्याच्या कडू काड्या, गुळवेल, थोडा ओवा, आणि रंगासाठी अंगणातल्या जास्वंदीची फुलं. हे सगळं रात्रभर माठात भिजे, दुसऱ्या दिवशी गाळलं जाई आणि संध्याकाळी त्यात गोटीचा सोडा फुटे. सोडा येई स्टेशनसमोरच्या सोडावाल्या चाचांकडून. चाचांना या प्रकाराचं मनापासून दुःख होतं. “हवालदार साहब,” ते म्हणत, “मेरा सोडा पीके आदमी डकार देता, खुश होता. तुम उसमें चिरायता डालके मेरा नाम काहे को डुबाते?” पण बैठकीला सगळ्यात पुढची जागा चाचांची असे आणि पेला ते पूर्ण रिकामा करीत, कारण सोडा त्यांचा स्वतःचा होता.

बैठक म्हणजे नुसतं पिणं नव्हे, तिथे शिकवलं जाई. घरमालक हातात वेताची छडी घेऊन समोर उभे राहत आणि कवायत घेतल्यासारखे सांगत. “घोट घ्या. गिळू नका. जिभेच्या शेंड्याले विचारा, काय म्हणते. आता मागच्या जिभेले विचारा.” मागची जीभ कुठे असते ते कुणालाच ठाऊक नसे, त्यामुळे सगळे गाल फुगवून डोळे मिटून आपापल्या तोंडात शोधाशोध करीत. धान्याचे अडते असलेले एक शेठजी नेहमी पहिल्या झटक्यात गिळून मोकळे होत. “म्या तं गिळलं,” ते घाबरून सांगत. “मंग आता पोटाले विचारा,” घरमालक गंभीरपणे म्हणत. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना जगातलं सगळंच कळत असल्यामुळे चव न कळणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. ते बराच वेळ छताकडे बघत आणि मग सांगत, “प्रथम संत्रं. त्यानंतर कोवळ्या हरभऱ्याची आंब. आणि शेवटी... शेवटी एक प्रकारचं गांभीर्य.” शेठजी लगेच म्हणत, “मलेही गंभीरच लागलं.” पुढे पुढे सगळ्यांनाच गंभीर लागू लागलं. एकदा त्या पाण्यात संत्र्याची साल घालायचीच राहून गेली, तरी मुख्याध्यापकांना संत्रं सापडलंच. साल राहून गेली नव्हती, ती मुद्दाम वगळली होती, हे मला नंतर कळलं. दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबून हसत होती ती घरमालकांची मुलगी शकू.

या बैठकांचा खरा ताप झाला तो गावातल्या बायकांना. एरवी दोन भाकरींत उठणारे नवरे संध्याकाळी घरी येत ते थेट स्वयंपाकघरात शिरत. सकाळसाठी झाकून ठेवलेलं खात, पोरांच्या वाटचं खात, आणि वर आणखी काही आहे का विचारत. शेठजींच्या बायकोने तर भर बाजारात काकूंना, म्हणजे घरमालकांच्या पत्नीला, गाठून सुनावलं, “तुमी पाजता अन् पिठाचा डबा आमचा रिकामा होते.” तक्रार वर कुठेतरी भलत्याच रूपात पोचली असावी, कारण एक दिवस दारूबंदी खात्याचे साहेब बैठक चालू असतानाच ओट्यावर आले. घरमालकांनी त्यांना बसवलं, पेला दिला आणि मागच्या जिभेला विचारायला सांगितलं. साहेबांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुळाचा खडा मागून घेऊन तोंडात टाकल्यावर ते म्हणाले, “ही दारू नाही. दारू असती तं एवढे भले लोक इतक्या दुःखानं पेले नसते.” जाताना त्यांनी जवळपास कुठे खानावळ आहे का, ते मात्र घाईने विचारून घेतलं.

पण ‘अपेरितीव्हो’ हे नाव काही केल्या गावाच्या तोंडी बसेना, आणि त्याला कारण एक पक्षी. मृग जवळ आला की आमच्या शिवारात हा पक्षी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा ओरडत फिरतो, आणि लहानपणापासून ते ऐकलेल्या कानाला इटालियन शब्दातही तेच ऐकू येणार. गावाबाहेर किसनराव नावाचे शेतकरी होते. त्यांना घरमालकांनी रस्त्यात सांगितलं, “उद्या संध्याकाळी आमच्या घरी अपेरितीव्हो.” दुसऱ्या दिवशी किसनराव बैलजोडी आणि पेरणीची तिफण घेऊन दारात हजर. घरामागे जी वीतभर मोकळी जागा होती ती हवालदारसाहेबांना पेरून हवी आहे, अशी त्यांची समजूत. “तुमीच म्हनले ना, पेरते व्हा?” घरमालक शांतपणे म्हणाले, “अ राह्यला, किसनराव. आधी ‘अ’ लावा.” किसनरावांनी पुष्कळ विचार केला. “अ लावतो जी, पन हंगाम कोनता त्याचा?” ते म्हणाले. घरमालक त्यांच्याकडून शब्द घोकून घेत होते तेवढ्या वेळात बैलांनी जास्वंद खाऊन टाकली.

तेव्हापासून साऱ्या गावात बैठकीचं नाव ‘पेरतेव्हा’ पडलं आणि घरमालकांच्या आयुष्याला एक नवीन काम लागलं. चाचा असोत, मुख्याध्यापक असोत, शाळेत निघालेली पोरं असोत, कुणी ‘पेरतेव्हा’ म्हणालं की हे जागच्या जागी थांबत आणि म्हणत, “आधी ‘अ’ लावा.” दारूबंदीच्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. चव कळली नाही तर ते माफ करीत, पण ‘अ’ खाल्लेला त्यांना खपत नसे. त्या म्हाताऱ्या दुकानदाराने फक्त शब्दच दिला होता, तोही अर्धा करून कसा चालेल, असं ते मला एकदा म्हणाले.

इतकं सगळं असून बैठकीत घरमालक स्वतः थेंबही घेत नसत. लोक गेले, ओटा झाडून झाला, की मागच्या पायरीवर बाप-लेक बसत. दोघांच्या हातात एकेक लहान पेला. रोज दुपारी पाण्याची पहिली चव शकूच घेई. “बाबा, आज साल करपली,” असं तिने म्हटलं की भरलेला माठ मोरीत ओतला जाई, मग बैठकीला कलेक्टर का येईना. “हे सारे लोक मानासाठी पेतात, बाबू,” ते मला म्हणत. “कडूतलं फक्त हिले समजते.” पायरीवर ती दोघं फार बोलत नसत. मग काकूंची हाक येई आणि दोघं शेजारीशेजारी जेवायला बसत. त्या घरात कुणी किती जेवतं ते माझ्या खोलीपर्यंत ऐकू येई, इतकी ती जेवणं रंगत.

शकूचं लग्नाचं वय झालं आणि बैठकीची किंमत काकूंना कळू लागली. पहिलं स्थळ आलंच नाही, कारण मुलीच्या बापाकडे संध्याकाळचं पिणं चालतं असं त्यांच्या कानावर गेलं. दुसरं आलं, ते संध्याकाळी. सोयरिकीच्या पाहुण्यांचं तोंड गोड करतात एवढं साऱ्या जगाला ठाऊक. घरमालकांनी काकूंचा शिरा बाहेर येण्याआधीच पेले फिरवले आणि मुलाच्या बापाला म्हणाले, “गिळू नका.” तो माणूस थुंकला आणि उठला. घरच्या दारात तोंड कडू केलं, आता पुढे बोलणी काय करायची, असं म्हणून ती मंडळी आल्या पावली परत गेली. त्या दिवशी काकू रडल्या. “पोरगी घरी बसन अन् तुमी जगाच्या भुका वाढवत बसजा,” त्या म्हणाल्या. मागच्या पायरीवर त्या संध्याकाळी घरमालक एकटेच बसले होते.

तिसरं स्थळ जळगाव जामोदचं. घरची शेती, मुलगा शिकलेला, आणि मुख्य म्हणजे नात्यातल्या एका लग्नात शकूने त्याला पाहिलेलं होतं. “या टाइमाले तिच्याही मनात हाये, बाबू,” काकूंनी मला हळूच सांगितलं, “हे मोडलं तं ते पोरगी बोलनार नाही, पन मनातून खचन.” त्यांनी नवऱ्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली: पेला नाही, चिरायता नाही, इटली नाही, एक अक्षर नाही. घरमालकांनी मान हलवली. सगळ्या बरण्या, माठ आणि सालीच्या पिशव्या माझ्या खोलीत, माझ्या खाटेखाली आल्या आणि माझ्या अंथरुणाला पुढे कितीतरी दिवस चिरायत्याचा वास येत राहिला. पाहुणे यायच्या दिवशी येऊ नका असं चाचांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, “हम तो दुआ करेंगे बेटी के लिए, सोडा बाद में देखेंगे.”

पाहुणे आले. मुलाचे वडील म्हणजे भलंमोठं पागोटं घातलेले, मोकळ्या मनाचे शेतकरी. शिरा आला, पोहे आले, चहा आला. घरमालक स्वतःच्याच घरात परक्यासारखे अंग चोरून बसले होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात, मी कोपऱ्यात. शकू सुपारीचं तबक घेऊन आली. तेवढ्यात मुलाचे वडील मांडीवर हात आपटून म्हणाले, “हवालदार, खरं सांगू? आमी तुमचं नाव ऐकून आलो. तुमी म्हनं संध्याकाळी लोकायले जमा करून पेरतेव्हा करता.”

काकूंच्या हातातली पळी खाली पडली. पाहुण्यांना ते कळलं नाही. ते कौतुकाने पुढे बोलत राहिले, “काय पेराचं, कवा पेराचं, सारं समजावून सांगता म्हनं. अन् एक पैसा घेत नाही. असा सोयरा भेटला तं आमच्या वावराचंबी भलं होईन.”

घरमालकांचं तोंड उघडलं होतं. तो ‘अ’ त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. शकू तबक घेऊन जागच्या जागी थांबली आणि दाखवायला आणलेल्या मुलीने जे करायचं नसतं ते तिने केलं, मान वर करून बापाकडे पाहिलं. घरमालकांनीही तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तोंड मिटलं. त्यांच्या ओट्यावर कडू गिळणारे कितीतरी चेहरे मी पाहिले होते, पण असा एकही पाहिला नव्हता.

“हाव,” ते म्हणाले, “सांगतो जमन तसं.”

“मंग यंदा काय पेरा म्हनता?”

जन्मात कधी वावरात पाय न टाकलेल्या त्या माणसाने थोडा विचार केला. “यंदा ज्वारी बरी.”

“अन् पऱ्हाटी?”

“पऱ्हाटीही बरी.”

मुलाचे वडील आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, “मोजकं बोलते मानूस. जानकार हाये.” सोयरीक तिथेच पक्की झाली. मी कोपऱ्यात बसलो होतो आणि मला रडू येत होतं, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

लग्न झालं, शकू जामोदला गेली, आणि बैठक बंद झाली. पेरणी सांगणारा माणूस कडू पाणी पाजतो हे व्याह्यांच्या कानावर जाणं परवडणारं नव्हतं. लोक आधी विचारत, मग विचारेनासे झाले, आणि गावातल्या बायका सुखी झाल्या. मृगाच्या आधी व्याही दर साली सल्ला घ्यायला नांदुऱ्याला येत. ते येणार असं कळलं की घरमालक गावाबाहेर किसनरावांच्या वावरात जाऊन बसत, सगळं नीट ऐकून घेत आणि व्याह्यांना तसंच्या तसं सांगत. या नव्या कामात त्यांनी कुठे कसूर केली नाही. तो शब्दही ते आता गावासारखाच, ‘अ’ न लावता म्हणत.

फक्त त्यांचं जेवण गेलं. ताट पुढे येई, ते दोन घास घेत आणि उठत. एकदा पायरीवर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, एखाद्या संध्याकाळी दार लावून आपल्यापुरतं करू या. “चव पाहाले कोन हाये?” एवढंच ते म्हणाले. शेवटी काकूंनी स्वतःच आपली शपथ सोडवली. एक दिवस माझ्या खाटेखालून बरण्या नेल्या आणि अंदाजपंचे साली-काड्या भिजवून संध्याकाळी पेला त्यांच्या हातात दिला. ओवा फार झाला होता, ते मला वासावरूनच कळलं. घरमालकांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला, गिळला आणि म्हणाले, “छान झालं.” काकूंच्या मानासाठी ते सगळं प्याले. रात्री ताट तसंच परत गेलं.

पुढे माझी बदली झाली. एकदा कामासाठी जळगाव जामोदला गेलो होतो, तेव्हा शकूच्या सासऱ्यांनी बाजारातून मला हाताला धरून घरी नेलं. ओसरीवर बसवून ते आपल्या व्याह्यांचं कौतुक सांगत राहिले. “ते सांगतेत तसंच पेरतो, बाबूसाहेब. पिकते आपलं पयलेसारखंच, पन मानूस सांगते मोठं मनातून.” शकूने वाढलं. तिने माझ्या ताटावरचा हात बाजूला सारला आणि पुन्हा वाढलं. ती अंगाने भरली होती, कडेवर पोर होतं, घर माणसांनी गजबजलेलं होतं, आणि तिचं सुख कुणी सांगायची गरज नव्हती.

मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिने विचारलं, “भाऊ, बाबाले भूक लागते काय?”

मी म्हणालो, “लागते की. चांगली लागते.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग कडेवरचं पोर तिने दुसऱ्या कडेवर घेतलं. “नांदुऱ्याले जासान तं सांगजा,” ती म्हणाली, “पंचमीले येऊन राह्यली म्हना. तवापर्यंत आईनं वाढलेलं खात जा म्हना. भूक नसली तरी.”